तुडीलच्या सुनांची चढाई

तुडीलमध्ये दर मे महिन्यात एक लढाई होते. एकीकडे सुट्टीला माहेरी आलेल्या गावच्या लेकी, दुसरीकडे गावच्या सुना, आणि मध्ये कबड्डीची रेघ. जिंकतात लेकी. सुना हरतात आणि वर रात्रीचं जेवणही त्याच रांधतात. "खेळलात ना, तेच फार झालं," असं म्हणून पुरुष मंडळी त्यांची समजूत काढतात. असल्या समजुतीपेक्षा दोन शिव्या परवडल्या.

यंदा मात्र सुनांकडे रंजिता होती. पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीतली पोर, कॉलेजात चढाईला गेली की रिकाम्या हाताने परतत नसे. माघात लग्न होऊन ती खाली आली आणि चैत्र लागताच तिची गाळण उडाली. वर डोंगरावर ऊन कितीही तापलं तरी वारा असतो. घाम आला कधी नि वाळला कधी, कळत नाही. इथे सावित्रीच्या काठी हवा अशी गच्च, की अंगावर आलेला घाम तिथेच मुक्काम ठोकतो. पाठ घामोळ्यांनी भरली, जेवण जाईना. गावाने निकाल देऊन टाकला : डोंगरातली पोर, हिला हितला उन्हाळा नाय झेपायचा.

नेमका सामन्याच्या दिवशी तिचा बाप रायबा तिला न्यायला हजर. डोंगरातली मुलगी खाली दिली की पहिल्या वैशाखात तिला वर न्यायचं, ही त्यांची रीत.

"आबा, आधी मॅच. मग बघू," रंजिता म्हणाली.

"खेळ. पन चक्कर येऊन पडलीस तर तशीच उचलून नेईन, सांगतो."

रंजिताने मान डोलावली. माहेर कुणाला नको असतं? पण उन्हाला भिऊन पळाली, हे शब्द पाठीवर घेऊन तिला डोंगर चढायचा नव्हता.

चार वाजता भाताच्या मोकळ्या खाचरात पाणी मारून आखलेल्या मैदानावर सारा गाव लोटला. हैबतीकाकांनी शिट्टी फुंकली. लेकींची कप्तान रंजिताची सख्खी नणंद, पुण्याहून आलेली प्रियदर्शिनी. पहिल्याच चढाईत रंजिताने दोघींना बाद केलं आणि सुनांनी असा कल्ला केला, की झाडावरचे कावळेही उठले. काय सुरुवात होती! सासू ठकूबाई तांब्या घेऊन रेघेपर्यंत धावली.

"पानी घे गो."

"नको आई. खेळ झाल्यावर."

ही वाडीची शिस्त. वर पाणी झऱ्यावरून डोक्यावर आणावं लागतं, त्यामुळे कामाच्या मध्ये पाणी मागणारीला सगळ्या हसतात. रंजिताला त्या शिस्तीचा अभिमान होता, आणि तिथेच ती फसली. तिसऱ्या चढाईला पाय जड झाले, चौथीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. लेकींनी तिला अलगद धरून बाद केलं. मध्यंतराला ती बांधावर बसली ती बसलीच. लेकी पुढे होत्या. रायबा उठून उभा राहिला.

ठकूबाई त्याच्या आडवी आली. "थांबा व्याही, पडली नाय ती. बसलीय." मग सुनेपुढे उकिडवी बसत तिने मीठ घातलेल्या गार पेजेचा टोप पुढे केला. "वर तुझा घाम वारा नेतो. हितं नुसता गळतो. जेवढा गळला तेवढा परत भरायला नको? पी गपचूप!"

रंजिता प्यायली. हसणाऱ्या हसोत, टोप रिकामा केला. ठकूबाईने ओला पंचा तिच्या डोक्यावर टाकला. थोड्या वेळाने घोटलेलं कैरीचं पन्हं आलं, तेही प्यायली. पायांतलं जडपण हळूहळू उतरलं.

तोवर तिकडे दुसरा डाव सुरू होऊन गंमतच झाली होती. लेकी पुण्याच्या कोरड्या उन्हाला आणि ऑफिसातल्या एसीला सरावलेल्या. लहानपणी ज्या उन्हात हुंदडल्या, तेच ऊन आता त्यांना ओळख देईना. "काय गं बाई ही हवा!" म्हणत प्रियदर्शिनी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. सुनांनी एकेक गुण वसूल करत बरोबरी गाठली आणि रंजिता मैदानात परतली.

शेवटची चढाई. कबड्डी, कबड्डी म्हणत ती शिरली, वाकली, कोपऱ्यातल्या मुलीच्या गुडघ्याला हात लावून वळली, तोच प्रियदर्शिनीने मागून झेप घेऊन तिचा घोटा पकडला. धाडकन दोघी मातीत. रेघ हातभर लांब. पाठोपाठ आणखी एक लेक अंगावर पडली. घामाने हात निसटत होते, दम कोंडला होता, आणि गर्दीतून एकच आवाज सगळ्यांच्या वर चढला.

"ओढ रंजे! सोडू नको! ओढ!"

ठकूबाई रेघेशी उभी राहून ओरडत होती, पदर सुटला तरी शुद्ध नव्हती.

"आई!" मातीतून प्रियदर्शिनी किंचाळली. "अगं, मी तुझी मुलगी!"

"हायेस ना! पन मी ह्या गावची सून हाय! किती वरसं हरत आले गो मी!"

रंजिताला हसू फुटणार होतं, पण दम गेला असता. तिने सगळा जीव उजव्या हातात आणला आणि बोट रेघेच्या पलीकडे टेकवलं. हैबतीकाकांची शिट्टी वाजली. मग काय विचारता! म्हाताऱ्या सुना, नव्या सुना, पोटुशा सुना, सगळ्या मैदानात. ठकूबाई रंजिताला मिठी मारून ढसाढसा रडत होती आणि मध्येच हसत होती. प्रियदर्शिनीही माती झटकत येऊन त्या मिठीत घुसली.

गर्दी पांगल्यावर रायबा पुढे आला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद.

"चल, निघायचं का?" त्याने विचारलं, पण त्यात आता जोर नव्हता.

"मी नाय येत आबा. पावसाआधी येऊन जाईन चार दिस." रंजिताने बापाचा हात धरून त्याला सावलीत नेलं. "आनि तुम्ही पन उन्हं उतरेस्तोवर हलू नका. आमच्या हितलं ऊन तुम्हाला नाय सोसायचं."

 रायबा सदऱ्याची बटणं सोडत खाली बसला.