सातव्या पायरीवरचा शमशेर

शिरगुप्प्यांचं कुठलं चित्र बघू, असं शेवगावात कुणीही मला रस्त्यात अडवून विचारतं. विचारणारच. मी टूरिंग टॉकीजचा कर्णेवाला, कानिफनाथ. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी पाट्या बांधायच्या, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावायचा आणि गल्लीगल्लीतून बोंबलत जायचं, हा माझा धंदा. देवादिकांच्या चित्रांसाठी मी पोटापुरता बोंबलतो, शिरगुप्प्यांसाठी जीव तोडून. हा एकच डायरेक्टर असा, की खून कुणी केला ते शेवटच्या रिळापर्यंत खुन्याच्या बापालाही कळू देत नाही.

तर ऐका. आधी 'दिवा कुणी विझवला' बघा. बायकामाणसं बरोबर असतील तर 'पिंजऱ्यातला राघू'; त्यात खून आहे, पण सभ्य आहे. 'लंगडा पाहुणा' आमच्या तंबूत अजून आलेलं नाही, आलं तर उपास काढा पण ते सोडू नका. आणि 'सातवी पायरी'? ती मला विचारू नका. सगळ्यात चांगली तीच आहे, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगेन. पण कर्ण्यातून तिचं नाव घेणार नाही. आमचे तंबूमालक काकासाहेब त्यावरून माझ्यावर डाफरतात. डाफरू देत.

शमशेर माझा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याची आई खातूनचाची मणेरीण. बांगड्यांचं टोपलं घेऊन ती आठवड्याचे बाजार करते. बाईचा हात हातात घेतला की चाचीला बांगडीचं माप कळतं, विचारायची गरज नाही. शमशेरला ते कधी जमलं नाही. बांगड्या भरायला बसला की निम्म्या फोडायचा आणि वर गिऱ्हाइकालाच हसायचा. 'दिवा कुणी विझवला' आम्ही दोघांनी लागोपाठ दोनदा पाहिलं आणि गड्याचं डोकंच फिरलं. बेचाळीसच्या साली सगळा मुलूख दुसऱ्याच धामधुमीत होता, तेव्हा हा पठ्ठ्या मुंबईला पळाला.

पुढं पारनेरचा एक गिरणीकामगार सांगत आला, की शमशेर शिरगुप्प्यांच्या कंपनीत आहे. दिवे उचलतो, गर्दीत उभा राहतो, आणि 'लंगडा पाहुणा'त त्याला शिपायाचा ड्रेस चढवून सलाम ठोकायला लावलंय. चाचीनं त्या दिवशी गल्लीभर गूळ वाटला. "सलाम का हुईना, ठोकतोय न्हवं!" म्हणाली.

मग मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याची बोट उडाली. आमच्यापर्यंत बातमी आली ती अशी, की अर्धी मुंबई जळाली. त्यानंतर शमशेरचा ना निरोप, ना त्याच्याकडचं माणूस. चाची बाजार करायची, पण नगरकडची मोटार आली की गिऱ्हाइकाचा हात तसाच सोडून उठायची. एके दिवशी तिनं भर रस्त्यात माझी गाडी अडवली.

"कान्या, ते सलामाचं चित्र आन. माझं पोरगं जितं हाय का न्हाई तेवढं कळू दे."

"चाची, तुमी आजपातुर कधी शिनेमा बघितला न्हाई."

"मला शिनेमा कुठं बघायचाय? मला पोरगं बघायचंय."

काकासाहेबांच्या मागं लागून मी 'लंगडा पाहुणा' मागवला. रिळांची पेटी आली, उघडून बघतो तर आत 'सातवी पायरी'. पेटी पाठवणाऱ्यांचं हे असंच. म्हैस मागावी, रेडा येतो. काकासाहेब म्हणाले, "आलंय ते लावायचं. तंबू मोकळा ठेवू व्हय?" मी चाचीला सांगायला गेलो, की पेटी चुकली, थोडं थांबा. ती ऐकते कसली!

"शिरगुप्प्याचंच हाय न्हवं? मग त्येच्यात बी आसंल."

ते चित्र तोवर मीही पाहिलेलं नव्हतं.

संध्याकाळच्या खेळाला चाची बायकांच्या बाजूला बसली, शेजारणीला, लंकाबाईला, सोबत घेऊन. टोपलंही मांडीशी होतं. आमच्याकडं मशीन एकच, त्यामुळं एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत दिवे लावावे लागतात. अशी दोन रिळं गेली. तिसऱ्या रिळात बंगल्यातला एक नोकर कंदील घेऊन जिना चढायला लागला. कंदिलाच्या उजेडात त्याचं तोंड दिसलं आणि माझ्या हातातला कर्णा खाली पडला.

"या अल्ला, शमशेर!" चाची उभीच राहिली. "लंकाबाई, बघ की गं! कसा भरलाय अंगानं!"

बायका हसल्या. पुरुष माना वळवून बघायला लागले. मला तर आनंदानं रडूच फुटलं. सहाव्या पायरीवर शमशेर थांबला, कंदील वर धरला, कानोसा घेतला. सातवीवर पाय ठेवला आणि मागून एक हात आला. हातात सुरा. शमशेर गडगडत खाली आला, कंदील फुटला, पडदा काळा झाला. आणि नेमकं तिथंच रीळ संपलं. दिवे लागले.

"कान्या," सगळ्या तंबूत चाचीचा आवाज आला, "त्याला कुनी मारलं?"

मी पळत तिच्याकडं गेलो. "चाची, खोटं हाय ते. तमाशातल्या वगात मारत्यात न्हाई का, तसं. सुरा लाकडाचा, रगत म्हंजी रंग."

"आन् पोरगं? ते बी खोटं का?"

"न्हाई, पोरगं खरं."

"पोरगं खरं आन् त्याचं मरान तेवढं खोटं? आसं कसं रं?"

ती शेवटपर्यंत बसली. शमशेर उठेल म्हणून वाट बघत बसली. खुनी कोण ते उघड झालं, तंबूनं "आरारारा!" केलं, पण चाचीला खुन्याशी काय घेणं? पोरगं उठलं नाही, तेवढंच तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मौलवीसाहेबांकडं गेली. ते म्हणाले, पडद्यावर मेलेल्यासाठी फातिहाची दुवा पढत नाहीत. "मग जिता हाय म्हना," चाची म्हणाली. तेही त्यांना म्हणता येईना. मौलवीसाहेब भले माणूस, पण ते तरी काय करणार?

थंडी सरताना 'पिंजऱ्यातला राघू' आलं. मशीनवाल्यानं रीळ चालवून बघितलं तेव्हा मी शेजारी होतो. एका हॉटेलात शमशेर चहा देताना दिसला, दोन वाक्यं बोललासुद्धा! मी धावत जाऊन चाचीला बाजारातून उठवून आणलं. शमशेर आला, चहा ठेवला, हसला, गेला.

"बघा!" मी ओरडलो. "बघा चाची! जिता हाय का न्हाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "हे त्या मरनाच्या आदीचं का नंतरचं?"

आमच्याकडं चित्रं येतात ती मुलूखभर फिरून, रेघा पडून, वाटेल त्या क्रमानं. आधी कुठलं काढलं, नंतर कुठलं, काकासाहेबांना ठाऊक नसतं आणि मलाही नसतं.

"नवंकोरं हाय, चाची," मी म्हटलं.

"तू तर समद्यालाच नवंकोरं म्हंतोस, बाळा."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मी स्वतः मुंबईला जाऊन आलो. शिरगुप्प्यांच्या कंपनीला कुलूप होतं. लढाईपायी कोरी फिल्म मिळेना, म्हणून कंपनी बसली. फाटकावरचा गुरखा म्हणाला, दिवे उचलणारी पोरं आली किती, गेली किती. शिरगुप्पे कुठं गेले तेही त्याला ठाऊक नव्हतं. गोदीकडं गेलो तर तिथं माझ्यासारखेच विचारणारे ताटकळत उभे. ज्या माणसानं पडद्यावर एवढे खून उलगडून दाखवले, त्यानं माझ्या एका शमशेरचं काय झालं तेवढं सांगू नये? असा संताप आला म्हणता! पण संताप कुणावर काढू? हात हलवत परत आलो.

आणि यंदा 'सातवी पायरी' पुन्हा आली. लोकांनीच मागितली. मी काकासाहेबांचे पाय धरले, पण तंबू माझ्या बापाचा थोडाच आहे? चाची पहिल्याच खेळाला हजर. शमशेर जिना चढायला लागला आणि ती ओरडली, "शमशेर, मागं बघ!"

तंबू फिदीफिदी हसला. माझं डोकं सणकलं. पुढं बसलेल्या एकाची गचांडी धरून मी त्याला उभा केला. "हसतोस व्हय रं? तुझी आय आसती तिच्या जागी, तर?"

पुढच्या खेळाला चाचीच्या जोडीनं लंकाबाई ओरडली. त्याच्या पुढच्या खेळाला बायकांची अख्खी बाजू. आणि शेवटच्या खेळाला सगळा तंबू उभा राहिला, तंबाखू मळणारे म्हातारे, गचांडी धरलेला तो गडीसुद्धा. "मागं बघ रं! शमशेर, मागं बघ!" कनाती हलत होत्या. मी मशीनशेजारी होतो. कर्णा उचलला आणि अंगात होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो, "शमश्या, मागं बघ!" अहो, मला कळत होतं. खुळा आहे का मी? तरी वाटलं, एवढी माणसं ओरडताहेत, एकदा तरी वळेल.

सहाव्या पायरीवर तो थांबला. कंदील वर धरला. कानोसा घेतला. सातवीवर पाय ठेवला.

दिवे लागले तेव्हा कुणी कुणाकडं बघेना. चाची टोपलं कमरेवर घेऊन माझ्याकडं आली. चेहरा असा उजळलेला, की गोदीच्या बातमीनंतर मी तिला तशी पाहिली नव्हती.

"कान्या, बघितलंस? आज थांबला त्यो. आज त्याला आयकू गेलं."

तो दर खेळाला थांबतो.

"व्हय, चाची," मी म्हटलं. "थांबला."

"उद्या समद्यांस्नी आजून मोठ्यानं वरडाय सांग. उद्या वळंल."

पेटी सकाळच्या मोटारीनं पाथर्डीला जायची होती. काकासाहेबांनी तिच्यावरची पत्त्याची चिठ्ठीही बदलून ठेवली होती.

"सांगतो," मी म्हटलं.