हातानं घ्यायचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे आणि माझ्या पोटात सध्या पाणी नाही, माती आहे. त्या मातीत एक वेल लावली आहे. घरी येणारे पाहुणे तिचं कौतुक करतात, कोणी माझ्याजवळ उभं राहून फोटोही काढतं. मी इथे कसा आलो हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म चिखली तालुक्यातल्या अमडापूरचा. दयाराम कुंभाराने मला घडवलं. नाल्याकाठची माती त्याने दोनदा चाळली, तिच्यात घोड्याची लीद मिसळली आणि पायांनी तुडवून तुडवून ती लोण्यासारखी केली. मोठा रांजण एका बैठकीत होत नाही. आधी बूड, मग त्यावर एकेक थर, आणि आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने थापटत राहायचं. आव्यातून भाजून निघालो तेव्हा माझ्या सोबतचे दोघे तडकलेले होते. दयारामने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाला की हा दोन पिढ्यांना पाणी पाजेल. त्याचा हिशोब जवळजवळ खरा ठरला.

मला न्यायला माणिकराव बैलगाडी घेऊन आला होता. त्याच्या लग्नानंतरची ती पहिली सुगी होती. त्याने बायकोला विचारलं होतं की तुला काय पाहिजे. जनकाबाईने लुगडं मागितलं नाही, रांजण मागितला. दयारामने मला गाडीत चढवताना माणिकरावाला दोन गोष्टी बजावल्या. याला अर्धा जमिनीत पुरा, आणि बाहेरून याच्या अंगाला काही माखू नका, शेणही नाही अन् चुनाही नाही. रांजण घामाने थंड होतो. त्याचा घाम अडवला की पाणी उकळतं.

जनकाबाईने मला घरात नेलं नाही. तिने दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत खड्डा खणायला लावला. माझ्याशेजारी एक खुंटी ठोकली आणि तिच्यावर लांब दांड्याचं पितळी ओगराळं टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही तहान लागली तर त्याने यावं, झाकण काढावं, ओगराळं बुडवावं आणि प्यावं. मागायचं नाही, थांबायचं नाही. कोणी संकोचून उभं राहिलं, तर ती आतूनच म्हणायची, "हातानं घ्या. इथं कोणी कोणाले वरून पाणी घालत नाही."

असं ती का म्हणायची, ते तिने एका दुपारी मला घासताना माणिकरावाला सांगितलं. ती सात-आठ वर्षांची असताना आईबरोबर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. तहान लागली की त्या मायलेकी बांधाच्या खाली बसायच्या आणि मालकीण बांधावर उभी राहून वरून पाणी घालायची. खाली ओंजळ धरायची. पाणी कोपरांवरून ओघळून अर्धं मातीत जायचं. एकदा तिची इवलीशी ओंजळ फाकली आणि सगळंच पाणी सांडलं. मालकीण काही बोलली नाही. तिची आईच तिच्यावर ओरडली, नीट धरता येत नाही का म्हणून. तहानेचं ती विसरली, ते ओरडणं विसरली नाही. त्या दिवशी तिने मनाशी धरलं होतं की आपलं घर झालं तर आपल्या दारात कोणी ओंजळ धरणार नाही.

मित्रांनो, चाळीसहून जास्त वर्षं तिने हा शब्द पाळला. पहाटे तीन घागरी, दुपारी दोन. आठवड्यातून एकदा मला रिकामं करून नारळाच्या शेंडीने घासायची. सुरुवातीला आमच्याच वेटाळातली, म्हणजे वस्तीतली, माणसं पाणी प्यायची. मग बाजाराच्या दिवशी येणारे प्यायला लागले. टेम्पो चालवणारा रहेमतुल्ला तर रोज सकाळी गाडी काढण्याआधी दोन ओगराळी पिऊन जायचा आणि म्हणायचा, "चाची, तुमच्या रांजणाचं पानी पेलं का गाडी पंचर होत नाही." जयंतीची मिरवणूक आली की मी दिवसातून आठ वेळा भरायचो.

एका वैशाखात विहिरी आटल्या होत्या. गावाच्या वरच्या अंगाचे रामराव पाटील चिखलीची बस चुकल्याने भर उन्हात पायी आले आणि कडुलिंबाखाली मटकन बसले. जनकाबाई दारात आली. ते पाण्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे. पाणी घालून देणं सोपं होतं, पण ती हलली नाही. म्हणाली, "हातानं घ्या, दाजी." बराच वेळ गेला. मग रामरावांनी उठून स्वतः झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि पाणी पिऊन ते परत खुंटीला लावलं. त्या दिवशी जनकाबाईने मला एकदा नाही, दोनदा घासलं. विटाळ म्हणून नाही, आनंदाने.

मला वाटलं होतं की झालं, ही गोष्ट आता संपली.

माणिकराव वारला. त्यांचा मुलगा नागसेन बुलढाण्याला बँकेत होता. त्याने शहराबाहेर, घाटाच्या माथ्याजवळ, डोंगराला लागून निघालेल्या नव्या कॉलनीत प्लॉट घेऊन बंगला बांधला. कॉलनीच्या कमानीवर गिरीछाया असं लिहिलं होतं. तिथे छाया एकाही झाडाची नव्हती. जनकाबाई यायला तयार नव्हती. शेवटी तिने एकच अट घातली. रांजण बरोबर येईल आणि फाटकाबाहेर राहील. नागसेन हो म्हणाला. तो तेव्हा मनापासून हो म्हणाला होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

मला जमिनीतून काढायला अर्धा दिवस लागला. रहेमतुल्लाने टेम्पोत भुशाचं मऊ कुटार पसरलं, मला दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि सगळ्या वळणांवर गाडी बैलगाडीसारखी हळू चालवली. उतरवल्यावर माझ्या काठावरून हात फिरवत तो म्हणाला, "चाची, आता माह्या गाडीचं काही खरं नाही." सगळे हसले. जनकाबाई हसली नाही.

इथे जमीन नव्हती, सगळीकडे फरशी होती. मला फाटकाबाहेर सिमेंटच्या ओट्यावर बसवलं. वास्तूच्या कार्यक्रमाला दोन दिवस होते. नागसेनची मुलगी समता नववीत होती. तिने आजीला चकित करायचं ठरवलं. आजी विहारात गेली असताना तिने मला काठापासून बुडापर्यंत तेलरंग दिला, गर्द निळा, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने फेर धरलेली माणसं काढली. दिवसभर उन्हात बसून काढली. नाक रंगाने माखलेलं होतं. जनकाबाई परत आली, मला पाहिलं, नातीचा चेहरा पाहिला आणि छान आहे म्हणाली. दयारामचं सांगणं तिला पाठ होतं. पण त्या चेहऱ्यापुढे तिची जीभ वळली नाही.

माझा घाम अडला. पाणी दुपारपर्यंत कोमट व्हायचं आणि त्याला रंगाचा वास यायचा. तरी पहिले काही दिवस सकाळी फिरायला जाणारे लोक थांबून प्यायचे. कॉलनीचे अध्यक्ष नारायणराव त्यात होते. निवृत्त, गोड बोलणारे. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाणी पिता पिता नागसेनला विचारलं की तुम्ही मूळचे कुठले. अमडापूरचे. वा, आमचे पाहुणे आहेत तिथे. कोणत्या वेटाळात घर होतं? आणि पूर्ण नाव काय म्हणालात?

नागसेनने पूर्ण नाव सांगितलं.

तिसऱ्या दिवशी नारायणरावांच्या हातात स्वतःची बाटली होती. आठवडाभरात सगळ्यांच्याच हातात बाटल्या आल्या. नमस्कार मात्र कोणाचा चुकला नाही, उलट जरा जास्तच वाकून होऊ लागला.

जनकाबाईने स्वतःला समजावलं की दोष रंगाचा आहे. नातीला वाईट वाटू नये म्हणून ती शाळेत गेल्यावर विटेचा तुकडा घेऊन मला घासायला बसायची. पंधरा दिवस घासत होती. बोटांची सालं निघाली. माझी एक बाजू पुन्हा तांबडी झाली आणि तिच्यातून पाणी पाझरू लागलं. पाणी गार झालं. तिने खुंटी नव्याने ठोकली, ओगराळं चिंचेने घासून लखलखीत केलं आणि वाट बघत बसली. लोक बाटल्या हलवत समोरून गेले. मित्रांनो, मलाही आजवर असंच मानायचं होतं की दोष रंगाचा होता.

प्यायला आल्या त्या फक्त मोळीवाल्या. घाटाखालच्या वाडीतल्या चार-पाच बाया डोंगरातून सरपण घेऊन शहरात विकायला वर चढायच्या. मोळ्या भिंतीला टेकवून पहिल्या दिवशी त्या ओंजळी पुढे करून उभ्या राहिल्या. जनकाबाई म्हणाली, "हात धुवा, अन् हातानं घ्या." त्यातली एक दात नसलेली म्हातारी हसून म्हणाली, "हे बरं हाय माय. तुमच्या कॉलनीत कुत्र्यालेबी वाढून मिळते, आमाले हातानं घ्या म्हणते." तेव्हापासून त्या रोज येऊ लागल्या. घटकाभर बसायच्या, सुनांची उणीदुणी काढायच्या. जनकाबाईच्या तोंडावर पुन्हा अमडापूरचं हसू आलं.

मग कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला. अनोळखी बाया येऊन बसतात, सुरक्षेचा प्रश्न आहे, संबंधितांनी विचार करावा. नाव कोणाचंच नव्हतं.

संध्याकाळी नागसेन आईजवळ येऊन बसला.

"आई, कोणी पेत नाही ते पाणी. कायले मांडून ठेवतं?"

"मोळीवाल्या पेतात ना."

"तेच तर."

 तो मान खाली घालून उठून गेला.

पुढच्या रविवारी ती वंदनेला गेली होती. सून रेणुकाने मला नर्सरीतल्या वेलीची जागा म्हणून आधीच हेरलं होतं. नागसेनने ड्रिल मशीन चालवणारा माणूस बोलावला. मला आत, पोर्चच्या कोपऱ्यात नेऊन आडवं केलं आणि बुडाला भोक पाडलं. दयारामने जे बोटाने वाजवून पाहिलं होतं, त्या बुडाचा आवाज त्या दिवशी सगळ्या कॉलनीने ऐकला. ओगराळं पॉलिश करून हॉलच्या भिंतीवर लावलं. पाहुणे विचारतात, अँटिक आहे का?

जनकाबाई परत आली. तिने माझ्या पोटात हात घातला आणि बोटाने ते भोक चाचपलं. 

"नागसेन, मले विचारलं असतं तर मी रिकामा ठेवला असता."

तो म्हणाला, "आई, आपल्याले इथं राहायचं आहे."

मित्रांनो, त्याचा मला राग येत नाही. नारायणरावांनी बाटली आणली त्या पहिल्याच दिवशी त्याला सगळं कळलं होतं. आईला कळू नये म्हणून तो रंगाचं नाव पुढे करत राहिला. तिला ते किती आधी कळलं होतं, हे त्याला अजून माहीत नाही.

त्यानंतर फाटकाला दिवसा कुलूप लागू लागलं. किल्ली नागसेनकडे, दुसरी रेणुकाकडे, ती शाळेत शिकवते. म्हातारं माणूस घरात एकटं असतं, म्हणून. यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी तीच दात नसलेली म्हातारी एकटी आली. मोळी भिंतीला टेकवली, पण ओट्यावर काही नव्हतं. तिने फाटकाच्या गजांतून आत पाहिलं.

"रांजण फुटला का, माय?"

"फुटला नाही," जनकाबाई म्हणाली. "भोक पाडलं."

म्हातारीचे ओठ कोरडे पडले होते. जनकाबाई लगबगीने आत गेली, फ्रिजमधलं पाणी तांब्यात ओतलं, पेला घेतला. फाटक छातीपर्यंत पत्र्याचं आहे आणि वर गज. पेला गजांतून जाईना. तिरका केला, आडवा केला, नाहीच जाईना. तिने कुलूप ओढून पाहिलं. मग तांब्याचा काठ गजांना टेकवला. तेवढ्याच फटीतून पाणी बाहेर पडणार होतं.

पलीकडे म्हातारीने न सांगता ओंजळ धरली.

जनकाबाईचा हात थांबला. मी तिला चाळीसहून जास्त वर्षं पाहतो आहे, असा थांबलेला हात मी कधी पाहिला नव्हता. म्हातारी म्हणाली, "घाला माय, घाला. आमाले सवय हाय." आणि जनकाबाईने वरून पाणी घातलं. ते कोपरांवरून ओघळत होतं, अर्धं फरशीवर सांडत होतं. तांब्या रिकामा झाला तरी तिने तो तसाच धरून ठेवला होता. म्हातारी मोळी उचलून केव्हाच निघून गेली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असं सगळेच सांगतात. मी तेवढंच सांगत नाही. मला रंगवून, वेल लावून, रोज पुसून तुम्ही जपतच आहात. पण एखाद्या म्हाताऱ्या भांड्याला भोक पाडण्याआधी एवढं विचारून घ्या की ते दारात कोणासाठी ठेवलं होतं, आणि ठेवणारीला विचारा, ती अजून जिवंत असेल तर. आणि तुमच्या फाटकाशी कोणी तहानलेलं आलं, तर कुलूप काढा. भांडं त्याच्या हातात द्या.

जनकाबाई त्या दिवसापासून फाटकाकडे पाठ करून बसते. संध्याकाळी वेलीला पाणी घालते. ते माझ्या बुडातून वाहून जातं.