नेमके कुठले?

कुणी आडनाव विचारलं की माझी खुर्ची चार बोटं खाली जाते. मी सी.ए. आहे, पहिल्याच प्रयत्नात झालेला, आणि पुण्यातल्या आमच्या फर्ममध्ये मला अकरा वर्षं झाली. खुर्ची तीनदा बदलून पाहिली. दोष खुर्चीत नाही.

विचारणारे सभ्यच असतात. "ओव्हाळ म्हणजे नेमके कुठले?" चार बोटं. "मूळ गाव?" आणखी चार. वर कुणी "आम्ही मानत नाही हो असलं काही" म्हणालं, तर एकदम वीतभर. मी फाइल पुढे सरकवतो. क्लायंट निघून जातो, खुर्ची वर येत नाही.

ऑडिट मी करायचं आणि अहवालावर सही पार्टनरने करायची, हा आमचा रिवाज. निनाद लेले माझ्या हाताखाली शिकला आणि गेल्या वर्षी पार्टनर झाला. त्याला कुणी काही विचारत नाही. त्याला बसल्या जागी खिडकीबाहेरची झाडं दिसतात, मला टेबलाची कड. मला त्याचा हेवा वाटतो. वाटू नये असं बायको म्हणते, पण वाटतो.

सोमवारी आमचे मुख्य पार्टनर केळकरसर यांनी मला आत बोलावलं. मोठ्या टेबलावर भागीदारीचा करार होता, माझ्या नावाचा.

"या, बसा अनिरुद्ध. तुमच्या कामाला तोड नाही," सर म्हणाले. "फक्त दारावरच्या पाटीचं बघू. नुसतं अनिरुद्ध ओ. घालूया का? क्लायंट आडनावाचं विचारत बसतात हो."

खुर्ची खाली गेली.

"ओव्हाळ घाला, सर."

"तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय. आडनाव हवंच आहे का?"

टेबलाची कड माझ्या डोळ्यांवरून कपाळावर गेली, मग डोक्याच्याही वर. आता मला फक्त सरांचे बूट दिसत होते. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

"हवंच आहे," मी खालून म्हणालो.

"बरं बाबा. करा मग सही."

हात वर पोचेना. मी खिशातलं पेन काढलं आणि टेबलाच्या खालच्या अंगाला, लाकडावरच, आडनावासकट सही केली. जागा शोधावी लागली. तिथे आधीच्या सह्या होत्या. शेजवळ, सोनटक्के, आणखी चारपाच. एकीखाली १९७४ साल होतं.

"झाली का?" सरांनी विचारलं.

"झाली, सर."

वर कागद उलटेपालटे केल्याचा आवाज आला.

"कुठे?"