बारीक धारेचा नळ

केतकीने दीड वर्ष खपून काढलेला नळ पहिल्यांदा बसला तो तिच्याच घरी. नरोलीच्या ज्या कारखान्यात ती डिझायनर होती, तिथल्या चाचणीत तो पहिल्याच फेरीत पास झाला होता. काळपट रंगाचा, सडपातळ, एका बोटाने फिरणारा. मिनिटाला फक्त पाच लिटर पाणी. तोंडाशी बारीक जाळी होती, तिच्यातून हवा मिसळून धार भरदार दिसायची.

घरी मात्र धार भरदार दिसेना.

"नळ बंद आहे की चालू?" बाबांनी बाथरूममधूनच विचारलं. बाबा म्हणजे रमाकांत, निवृत्त शिक्षक. आमलीतल्या या इमारतीच्या चौथ्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांना वीस वर्षं झाली होती.

"चालू आहे, बाबा. पाणी वाचवणारा आहे तो."

"वाचवतोय खरा. देतच नाही."

बादली भरायला नऊ मिनिटं लागली. केतकीने घड्याळ लावून मोजलं. दोन दिवसांनी बाबा बादली लावून पेपर वाचायला बसायला लागले. पेपरात रमले की बादली भरून वाहायची. पाचव्या दिवशी केतकीचा तोल गेला.

"बाबा, जुन्या नळाने जेवढं सांडलं नसेल तेवढं तुम्ही या आठवड्यात सांडलंत!"

"मग मी काय नळासमोर उभा राहून त्याचं तोंड बघू?"

तिने तणतणत जाऊन नळ बंद केला.

शुक्रवारी ती कामावरून आली तेव्हा बाथरूममध्ये धो धो पाणी पडत होतं. तिने पाहिलं तर जाळी गायब.

"काळूला बोलावलं होतं मी," आई म्हणाली. "दोन मिनिटांत काढून दिली. सुंदर दिसतो गं नळ, पण आम्हाला आंघोळ करायची असते."

काळू हा खानवेलचा प्लंबर. खालच्या मजल्यावर त्याचं काम चालू होतं. केतकी तावातावाने जिना उतरली.

"जाळी का काढली? सगळं डिझाइन तिच्यावर उभं आहे!"

काळू पान्याने नट आवळत होता. तो शांतपणे म्हणाला, "ताई, टाकी छतावर, अन् तुम्ही तिच्या लगेच खाली. पाण्याला जोर येणार कुठून? वरच्या मजल्यावर मी सगळ्यांच्याच काढतो."

त्याने पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून उघडला. आत जाळ्याच जाळ्या होत्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या. त्यात केतकीच्या कारखान्यातल्या आधीच्या नळांच्या सव्वीस निघाल्या.

सोमवारी काळूकडून मागून आणलेला तो डबा तिने रघुनाथ सरांच्या टेबलावर ठेवला. उत्पादन विभाग त्यांच्याकडे होता.

"सर, आपण चाचणी पंप लावून करतो. तेवढा दाब वरच्या मजल्यावर नसतोच. लोक जाळी फेकून देतात, मग मिनिटाला आठ-दहा लिटर जातं. आपण काहीच वाचवत नाही."

"जाळी काढली तर ती गिऱ्हाईकाची चूक."

"सव्वीस जणांची एकच चूक कशी होईल? मला तीन महिने द्या. कमी दाबावर चालेल अशी धार काढते. बादलीसाठी मोठी, हात धुवायला बारीक."

रघुनाथ सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "केतकी, साचे तयार आहेत. फोटो काढून झालेत. दिसायला इतका देखणा नळ आपण आजवर केला नव्हता, तुझंच तर काम आहे. पुढच्या वर्षी बघू."

तिने कमी दाबावरची चाचणी स्वतःच केली आणि अहवाल पाठवला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की नळासोबतच्या कागदावर शेवटी एक ओळ वाढली: 'वरच्या मजल्यासाठी पंप बसवणे आवश्यक.' छापून आलेला कागद तिने दोनदा वाचला. पाणी वाचवायला नळ घ्यायचा, आणि नळ चालावा म्हणून वीज जाळायची. तिने कागद चुरगाळला, पुन्हा सरळ केला, फायलीत घातला.

कुणी सांगितलं नसताना पुढच्या रविवारी ती दाब मोजायचा काटा घेऊन बाहेर पडली. काळू सोबत होता. त्याच्या ओळखीने दारं उघडत होती. चार इमारती, अकरा घरं. प्रत्येक ठिकाणी ती काटा लावायची, आकडा वहीत लिहायची, बादली भरायला लागणारी मिनिटं मोजायची. एकाही घरात कारखान्यातला दाब नव्हता.

बाराव्या दारी एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काळूने तिला सरितावहिनी म्हणून हाक मारली. तिच्याकडे कारखान्याचा आधीचा, जुना नळ होता.

"कंपनीच्या का तुम्ही?"

"हो. फक्त दाब मोजायचाय, पाच मिनिटं."

"दोन वर्षं झाली तक्रारीचा फोन करून. तुमचा नळ देखणा आहे म्हणून घेतला, अन् पोरांना शाळेला उशीर होतो. आधी तो बदलून द्या, मग मोजा काय मोजायचं ते."

दार लागलं. काळू जिन्याकडे वळला. केतकी काटा हातात धरून बंद दारासमोर तशीच उभी राहिली. ती बाई खरं बोलत होती, आणि नळ बदलून देणं केतकीच्या हातात नव्हतं.