शिकेकाईची पुरचुंडी

भागीला पसंत केलं ते तिच्या वेणीने. शेलूच्या ठकूबाई सून बघायला कुंभिवलीत आल्या तेव्हा त्यांनी ना भागीच्या हातची भाकरी खाल्ली, ना तिचं वाचन ऐकलं. चहाचे कप उचलून पोर आत वळली, गुडघ्यापर्यंतची वेणी डोलली, आणि ठकूबाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "बस. हीच माजी सून." मग गावात या गोष्टीला इतके पाय फुटले की जणू लग्न वेणीचंच ठरलंय आणि भागी आपली तिच्या वरच्या टोकाला बांधलेली आहे.

ते केस काही आपोआप आले नव्हते. त्यांच्यामागे पुतळामावशी होती. भागीची आई जानकी भागी रांगत असताना वारली. तेव्हा तिची ही थोरली विधवा बहीण मुलीला सांभाळायला आली ती या घरचीच झाली. दर रविवारी ती शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी उकळायची. माक्याच्या रसात खोबरेल कढवायची. जास्वंदीचा पाला चुरून त्याचा बुळबुळीत लगदा भागीच्या डोक्यावर असा थापायची की शेणाने सारवलेली भिंत बरी. तोंडाला मसुरीचं पीठ आणि साय, डोळ्यांत घरच्या वातीचं काजळ. भागी किंचाळायची, मावशी तिच्या पाठीत धपाटा घालायची, आणि न्हाणं पार पडायचं.

साखरपुडा झाला आणि पावसाळ्यात भागीला मुदतीचा ताप आला. जीव वाचला, पण केस गेले. फणी लावली की मूठमूठ हातात यायचे. थंडी सुरू झाली तेव्हा उरलेली विरळ शेपटीही मावशीने कापली, आणि डोक्यावर मानेला टेकतील इतकेच उरले.

भागीचा बाप सखाराम सरळ माणूस. तो म्हणाला, "शेलूला निरोप धाडतो. बुद्धाची दीक्षा घेतली तवाच आपन खोटं सोडलं."

"नका धाडू, आबा," भागी रडकुंडीला आली. "क्यासांसाठी केली मला. क्यास नायत म्हटल्यावर कोन करील?"

बाप-लेकीची बरीच हुज्जत झाली. शेवटी सखाराम म्हणाला, "बरं. पन सासरच्या पैल्या न्हान्याला, सासू डोकं धुवाया बसंल तवा, तू सोता सांगायचं. तुज्या तोंडानं. कबूल?"

भागीने मान हलवली. त्या क्षणापासून ते पहिलं न्हाणं तिच्या उरावर बसलं. पाटावर बसवून ठकूबाई तिच्या मानेवरचे आखूड केस बघतायत, आणि तसंच उठवून तिला घरी पाठवतायत, हेच तिला जागेपणी दिसायचं.

हे सगळं ऐकत बसलेली मावशी सखाराम बाहेर पडल्यावर उठली आणि तिने आढ्याला टांगलेली शिकेकाईची पुरचुंडी काढली.

या पुरचुंडीचीही एक गंमत होती. दीक्षेच्या वर्षी गावाने घरोघरचे देव टोपल्यांत भरून पाताळगंगेत सोडले. सखारामने आपल्या टोपलीत ही पुरचुंडीही टाकली. फडक्यात बांधलेलं, आढ्याला टांगलेलं, म्हणजे देवाचा भंडाराच असणार असं त्याला वाटलं. टोपली पाण्याला लागली आणि मावशी लुगड्यासकट कमरभर पाण्यात शिरली. "अवं, माजी शिकेकाई!" देव वाहून गेले त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही, पुरचुंडी तेवढी छातीशी धरून बाहेर आली. पुढे कित्येक वर्षं गाव तिला हसत होतं.

आता मावशीने गाठ सोडली. आत शिकेकाई नव्हती. आत केस होते. फणीत निघालेली गुंतवळ, बोटाभोवती गुंडाळून केलेल्या कितीतरी गुंडाळ्या.

"ही तुजी आय," मावशी म्हणाली.

माहेरी धाकट्या बहिणीचे केस मावशीच विंचरायची. म्हातारपणी दोघींना गंगावन होईल म्हणून निघालेली गुंतवळ जपून ठेवायची. जानकी गेली आणि पुरचुंडी राहिली. मेलेल्या माणसाचे केस घरात कोण ठेवू देणार? म्हणून ती शिकेकाई झाली.

भागीने एक गुंडाळी तळहातावर घेतली. आईचा फोटो नव्हता. कुणी म्हणे नाक भागीसारखं, कुणी म्हणे मुळीच नाही. भागीने आजवर आईची एवढीशी वस्तू पाहिली नव्हती, आणि इथे आईच होती, काळीभोर, हाताला लागणारी.

चौक गावच्या बाजारात गंगावनं करणारी एक बाई बसायची. मावशीने केस तिला दिले नाहीत; ती चार जणींचे एकात मिसळते, असा तिला संशय. ती नुसती त्या बाईशेजारी बसून बघून आली, पुन्हा गेली, पुन्हा बघून आली. मग रिठ्याच्या पाण्यात गुंतवळ भिजवून, अंगणात पांढरं धोतर पसरून ती एकेक केस सोडवायला बसली. मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला. दिवसभरात बोटाएवढी बट व्हायची. भागी शेजारी बसून श्वास रोखून बघायची. एकदा मावशीने एकच केस उन्हात धरला. तो तांबूस चमकला.

"उन्हात अशीच दिसायची," मावशी म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

वैशाखात लग्न झालं. पांढरं पातळ, आणि गंगावन घालून गुंफलेल्या वेणीवर मोगऱ्याच्या कळ्यांची नक्षी. कर्जतचा फोटोवाला आला. वेणीही फोटोत यावी म्हणून चौकच्या सलूनमधला मोठा आरसा आणून भागीच्या मागे उभा केला होता. "समोर बघ," फोटोवाला ओरडत होता. भागी मान वळवून आरशातच बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा तिला आई दिसत होती, पाठमोरी का होईना. सखाराम पाण्याचा तांब्या घेऊन मागून आला आणि वेणीवर नजर पडताच जागीच थबकला. ते केस कुणाचे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तांब्या खाली ठेवला आणि डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं.

शेलूला दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईंनी मोरीशी पाट मांडला. घंगाळात पाणी, वाटीत शिकेकाई. "ये गं, तुजं डोकं धुते."

भागीने वेणी पदराखाली ओढून घेतली. पण कबूल केलं होतं. ती पाटावर बसली नाही. उभ्या उभ्याच तिने आकडे काढले, गंगावन सोडलं आणि दोन्ही हातांवर सासूपुढे धरलं.

"आत्याबाय, हे माजे क्यास नायत. माजे तापात गेले."

ठकूबाईंनी आधी तिच्या मानेकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. "मंग कुनाचे?"

"माज्या आयचे. मी रांगत होते तवा ती गेली. मावशीनं गुंतवळ जपली व्हती."

ठकूबाई वळून आत गेल्या. आता मुलाला, सहदेवला, हाक मारतील, गाडी जुंपायला सांगतील, असं भागीला वाटलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

ठकूबाई परत आल्या त्या दुसरा पाट घेऊन. तो त्यांनी पहिल्या पाटाशेजारी मांडला. त्यावर धुतलेलं फडकं अंथरलं, भागीच्या हातातून गंगावन घेतलं आणि त्यावर अलगद निजवलं. डोक्यावर पदर घेतला.

"तू थांब जरा," त्या भागीला म्हणाल्या. "आदी आमच्या इनबाईचं न्हानं व्हईल. त्या मोठ्या."

त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, हळूच सोडलं आणि पाटाकडे वाकून विचारलं, "कढत तं नाय ना, इनबाई?"