टाचेमागची फट

“आधी पेशंटचा पाय हलव, मग आपलं तोंड उघड,” मला सोनोग्राफी शिकवणारे सर म्हणायचे. “निपचित पडलेला पाय सोंग घेतो. ओरडला तर ओरडू दे.”

सरांना जाऊन सहा वर्षं झाली. सोनोग्राफीच्या खोलीत त्यांचा शब्द मी रोज पाळला. एकदाच मोडला, तोही दया आली म्हणून.

एक रंगारी शिडीवरून घसरून पडला म्हणून आला होता. त्याला पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर. टाचेच्या मागे जी जाड दोरी हाताला लागते, त्या कंडरेवर सूज होती. जेल लावून प्रोब टेकवला तरी तो कळवळत होता. पडद्यावर साचलेल्या रक्ताचा काळा डाग. पण आतल्या बाजूने एक पांढरी रेघ अखंड वर गेलेली. पाऊल वर-खाली करून बघायला हवं होतं. मी नुसता हात लावला, तर त्याने टेबलाची कड आवळून “आई गं” म्हटलं. मी हात काढून घेतला. रिपोर्टात लिहिलं, कंडरा अर्धवट फाटली आहे. म्हणून ऑपरेशन टळलं; पट्टी आणि आराम.

दहा आठवड्यांनी तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून पुन्हा आला. त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नव्हतं.

“यांनाच विचारा मॅडम,” ती म्हणाली. “आराम सांगितला होता ना? तिसऱ्या दिवशी खुर्चीवर चढले. का, तर बल्ब गेला! अंधारात मी काय घास नाकात घातला असता?”

“एक बल्बच तर लावायचा होता गं,” तो पालथा होत पुटपुटला.

“हो ना. आता बसा उजेड पाडत!”

या वेळी मी पाऊल हलवलं. कंडरेची दोन टोकं एकमेकांपासून दूर सरकली. मधे काळी फट, पाच सेंटिमीटर. आतली पांढरी रेघ मात्र तशीच. ती वेगळीच, बारीक कंडरा. जाड तुटली तरी ही शाबूत राहते आणि बघणाऱ्याला फसवते. नव्या डॉक्टरांना मीच हे शिकवत आले होते.

जुन्या प्रतिमा उघडल्या. पहिल्याच दिवशी त्या रेघेशेजारी जाड कंडरेचं टोक तुटून लोंबत होतं. खुर्चीचा काही संबंध नव्हता.

आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते मला बाहेर घेऊन गेले.

“आता दुसरी कंडरा वळवून जोडावी लागेल. चालेल कसाबसा. शिडी संपली.”

“चूक माझी आहे, डॉक्टर.”

“तो स्वतःच म्हणतोय, खुर्चीवर चढलो. झाकली मूठ कशाला उघडता?”

आम्ही आत आलो तेव्हा बायको त्याच्या पायात मोजा चढवत होती. तोंडाकडे बघत नव्हती.

“इतके दिवस अंघोळीपासून सगळं केलं मी,” ती मोज्यालाच सांगत होती. “आणि यांनी हे केलं.”

“मॅडम, हिला एकदा सांगा ना,” तो हळूच म्हणाला. “खुर्चीवर चढल्याने एवढं होतं का? हिने सांगितल्यापासून सासरेही बोलत नाहीत माझ्याशी.”

मोठे डॉक्टर दारातच उभे होते.

“उद्या तुमच्या घरी येऊन सांगते,” मी म्हणाले. “दोघांनाही.”

बायको हसली, पहिल्यांदाच. “डॉक्टर घरी येणार? बल्ब बसवायला का?”

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थनेला बसले. ओठ हलत होते, मन जुन्या रिपोर्टावर. उठले, हॉस्पिटलात जाऊन त्या रिपोर्टाखाली दुरुस्ती लिहिली : पहिल्या तपासणीच्या दिवशीच कंडरा पूर्ण तुटलेली होती, ती माझ्याकडून निसटली. खाली सही केली. एक प्रत मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, तर त्यांनी ती वाचून पालथी ठेवली.

“नोकरीचं काय ते तुमचं तुम्ही बघा,” ते म्हणाले.

दुसरी प्रत आणि दोन्ही दिवसांच्या प्रतिमा पाकिटात घातल्या. केसपेपरवरून पत्ता उतरवून घेतला. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेर बाकावर पेशंट बसू लागले होते. त्यांना दुसऱ्या खोलीकडे पाठवलं, पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि पाकीट घेऊन मागच्या जिन्याने खाली उतरले.