खालच्या कप्प्यातली टेप

“अक्का, डबा ठेव की खाली. हात अवघडला असंल.”

“ऱ्हाऊ दे सायेब. सर्व्हर चालू झाल्याबिगर ठेवत न्हाय.”

इंगळे साहेबांनी सर्व्हरकडं पाहिलं. सर्व्हर खरोखरच बंद होता. त्याचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं होतं. पुण्याहून आलेला इंजिनियर संगमेश गुडघ्यांवर बसून त्याच्या पोटात नवं कार्ड बसवत होता. कागल एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीची साडेचार हजार ड्रॉइंगं त्या घडीला सुखरूप आहेत, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल अशी जागा एकच होती. ती म्हणजे स्टुलावर बसलेल्या शांतव्वाच्या मांडीवरचा तीन कप्प्यांचा डबा. वरच्या कप्प्यात भाकरी, मधल्यात वांगं आणि खालच्यात पिवळ्या फ्लॅनेलात गुंडाळलेली, त्या ड्रॉइंगांची नक्कल उतरवलेली टेप.

नऊ वर्षं तो खालचा कप्पा टेपचाच होता. टेपला तेल लागेल म्हणून नऊ वर्षं शांतव्वानं डब्यातून लोणचं नेलं नव्हतं.

त्याआधी ती कोअर शॉपला होती. वाळूत तेल कालवायचं, साच्यात दाबायचं, भट्टीत भाजायचं. पंपाच्या पोटात जी पोकळी लागते तिच्यासाठी वाळूचा गाभा करायचा. दहा वर्षांत त्यातली थोडी वाळू तिच्या छातीत जाऊन बसली. जिना चढताना ती मध्येच थांबून भिंतीवरची पाटी वाचल्यासारखं करायची. पाटी इंग्रजीत होती आणि तिला इंग्रजी येत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, वाळू सोडा. वाळू सोडून खायचं काय, ते त्यांनी लिहून दिलं नाही.

सन पंच्याण्णवमध्ये इंगळे साहेबांना कॉम्प्युटर रूम झाडायला माणूस हवं होतं. एसी मशिनसाठी बसवला होता, पण गार, धूळ नसलेली हवा कुणाच्या छातीत जाते ते ती विचारत नाही. सहा महिन्यांत शांतव्वाचा खोकला थांबला. टेप बदलणारा पोरगा नोकरी सोडून गेला त्या दिवशी साहेब वैतागून म्हणाले, “अक्का, घाल तूच.” तिनं घातली. मग रोजच घालू लागली. सोमवारच्या टेपला पांढरा ठिपका, मंगळवारच्या टेपला लाल, असे नेलपॉलिशचे ठिपके तिचे तिनंच ठरवले. रोज चारला टेप घालायची, साडेपाचला काढायची आणि घरी न्यायची. कारण एक कॉपी कारखान्याच्या बाहेर असलीच पाहिजे, असा साहेबांचा नियम होता. घरी टेप बसवण्णांच्या तसबिरीमागं झोपायची. दोन हजार साली सर्व्हरची डिस्क बसली तेव्हा तिथूनच उठून आली आणि दोन दिवस बंद पडलेलं डिझाइन ऑफिस चालू झालं. साहेबांना बढती मिळाली. अक्काला पाव किलो पेढे मिळाले.

आणि आता हे नवं मशिन आलं होतं. ओव्हनएवढं, पुढं काचेचं दार. आत दहा टेपांची दहा घरं आणि मधून वरखाली फिरणारा एक लोखंडी हात. कुठली टेप कधी घालायची ते तो हातच ठरवणार, काढणारही तोच. बाहेरची कॉपी आठवड्यातून एकदा साहेबांच्या गाडीतून बँकेच्या लॉकरला जाणार होती. झाडलोट तर आधीच ठेकेदाराकडं गेली होती.

“एक तारखेपास्नं तुला परत कोअर शॉपला घ्या म्हणाल्यात,” साहेबांनी गेल्या आठवड्यात कॅलेंडरकडं बघत सांगितलं होतं. “मी लई बोललो. दोनच वर्षं ऱ्हायल्यात तुझी.”

“हे चाललं तर न्हवं?” तिनं विचारलं होतं.

“चालंल की. न चालायला काय झालंय?”

पण ते चाललंच नाही.

कार्ड बसलं, सर्व्हर चालू झाला. शांतव्वानं डबा मांडीवरून स्टुलाखाली ठेवला, पण पाय त्याला लावून. संगमेशनं मनगटाएवढी जाड केबल सर्व्हरपासून मशिनपर्यंत ओढली, शेवटच्या भोकात एक बूच बसवलं आणि बटण दाबलं. आतला हात जागा झाला. पहिल्या घरापुढं थांबला, दुसऱ्यापुढं थांबला, असं करत दहाही घरं फिरला. पडद्यावर दहा ओळी उमटल्या. दहाही ओळींपुढं एकच शब्द.

“काय म्हणतंय?” साहेब.

“रिकामं म्हणतंय.”

“अहो रिकामं कसं? दहा टेपा तुमीच न्हाई का घातल्या आत्ता?”

“सर, मला दिसतात. त्याला दिसत नाहीत.”

दुपारचे बारा वाजले होते. त्यानं केबल काढून परत लावली. बूच बदललं. सर्व्हर पुन्हा बंद केला, म्हणजे डबा पुन्हा मांडीवर. कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं. हात पुन्हा दहा घरं फिरला आणि पुन्हा तेच. डिझाइन ऑफिसातून दर पंधरा मिनिटांनी फोन यायचा आणि साहेब तोच “झालंच की” वेगवेगळ्या आवाजात म्हणायचे. दारावरचं कालच्या दसऱ्याचं झेंडूचं तोरण एसीच्या वाऱ्यानं सुकत चाललं होतं.

“पावणं, चा घ्या,” शांतव्वानं कप पुढं केला. “ह्यो तिसरा गार हुतोय.”

“ठेवा मावशी.” त्यानं वर पाहिलं नाही. शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा झाला होता, एसीत. “हे चालू केल्याशिवाय गेलो तर मला चहा पाजणारं कुणी राहायचं नाही.”

साडेतीनला त्यानं पुण्याला फोन लावला. शांतव्वा कोपऱ्यात फडकं घेऊन उभी होती. पुसायचं काही नव्हतं, पण हातात फडकं असलं की माणसाला कुणी बाहेर जा म्हणत नाही.

“हो सर, केबल बघितली. बूच बघितलं. नाही, हात फिरतोय, पण चिठ्ठी वाचत नाहीये. टेपवरच्या काळ्या रेघांची चिठ्ठी… हो, रीडरच गेलाय. हाताच्या पुढं ती काळपट लाल काच असते ना, तोच त्याचा डोळा. तोच आंधळा आलाय कंपनीतून.”

काळपट लाल काच.

शांतव्वाच्या हातातलं फडकं थांबलं.

खंडेनवमीला, परवा, अख्ख्या कारखान्यात मशिनींची पूजा झाली होती. लेथला, क्रेनला, भट्टीला. ज्यानं त्यानं आपापल्या मशिनला कुंकू लावलं होतं. सर्व्हरला तिनं दरवर्षीसारखं वरच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. नवं मशिन त्याच दिवशी खोक्यातून निघालं होतं, दार उघडंच होतं. आपली जागा घ्यायला आलं म्हणून काय झालं, सणाच्या दिवशी एकट्याला वगळायचं कसं? तिनं वाकून पाहिलं. त्या लोखंडी हाताला पुढच्या बाजूला अंगठ्याएवढी एक गुळगुळीत काच होती. ते कपाळच वाटलं तिला. ओलं कुंकू घेऊन तिनं मधोमध बोट टेकवलं होतं, चांगलं ठळक.

लाल काचेवर लाल कुंकू. कोण बघणार?

“परत न्यावं लागेल सर,” संगमेश फोन ठेवून म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ झाला होता. “बदली मशिन यायला दोन महिने. तेही वरच्यांनी मंजूर केलं तर. ह्या वर्षातली माझी ही तिसरी परत पाठवणी आहे.”

इंगळे साहेब खुर्चीत बसले. कपाळ चोळत म्हणाले, “जाऊ दे. तवर जुनंच चालू द्या. आमची अक्का हाय की.”

आमची अक्का हाय की. नऊ वर्षांत साहेबांनी हे असं, बाहेरच्या माणसापुढं, पहिल्यांदाच म्हटलं होतं. शांतव्वानं एक खोल श्वास घेतला आणि तो अडखळला नाही, आतपर्यंत सरळ गेला. दोन महिने. कदाचित दोन वर्षंसुद्धा. तोंड उघडायचं नाही एवढंच तर करायचं होतं. इतकं सोपं काम तिला ह्या कारखान्यात आजवर कुणी दिलं नव्हतं.

संगमेश केबलचं वेटोळं करू लागला.

“अक्का, चार वाजलं,” साहेब म्हणाले. “आजची टेप घाल.”

तिनं कपाटातून शनिवारची टेप काढली, निळ्या ठिपक्याची. जुन्या मशिनच्या तोंडात घातली. मशिननं ती ओढून घेतली आणि आतून आवाज आला: आधी खुर्र, मग एक बारीक, दातांत खडा आल्यासारखा कर्र.

तो आवाज ती महिनाभर ऐकत होती. रोज कापसाला स्पिरिट लावून आत पुसत होती, मशिनला “एवढी दोन वर्षं ने” म्हणत होती. साहेबांना सांगितलं नव्हतं. नवं मशिन लवकर मागवतील म्हणून. मंगळवारची टेप निम्मी खाल्ली गेली होती ती तिनं गुपचूप बदलली होती. हे मशिन दोन महिने काढणार नव्हतं. आणि ते जाईल तेव्हा सांगून जाणार नव्हतं. रोज टेप ओढेल, रोज बाहेर टाकेल आणि खालच्या कप्प्यातून ती रोज कोरी टेप घरी नेत राहील. तसबिरीमागं कोरी टेप. तिच्या भरवशावर साहेब घोरतील.

कर्र.

“पावणं.”

“काय मावशी?”

“तेची केबल काढू नगासा.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “त्यो आंधळा न्हाय. तेच्या डोळ्यात कुक्कू हाय.”

“काय हाय?” इंगळे साहेब उभेच राहिले.

“नवमीला मीच लावलंया. मला काय ठावं तिथं डोळा हाय? मी कपाळ म्हणून लावलं.”

संगमेशनं दार उघडलं, बॅटरीचा झोत आत टाकला आणि मान तिरकी करून पाहिलं. मग तो खाली बसला आणि हसत सुटला. हसता हसता त्यानं डोळे पुसले, आणि ते सगळंच पाणी हसण्याचं नसावं.

“मावशी, सकाळपासून सांगायचं ना! नवससुद्धा बोललो मी मघाशी!”

“साडेतीनला कळालं मला.”

“आणि आता चार—” साहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्या अर्ध्या तासात काय काय होतं ते त्यांना हळूहळू उमगत असावं. ते कॅलेंडरकडं वळले नाहीत, एवढं खरं.

“सरा बाजूला,” शांतव्वा म्हणाली. “तुमास्नी जमायचं न्हाय, काचंला चरा पडंल. आनि सायेब, त्यो जुना मोडलाय. महिना झाला. त्येच्यावर इसंबू नगासा.”

तिनं कापूस घेतला, स्पिरिट लावलं, दोन बोटांत धरून आत हात घातला. लहान पोराचा डोळा पुसावा तसं कडेकडेनं पुसलं. कापूस लाल झाला. दुसरा घेतला, तो गुलाबी झाला. तिसरा पांढराच बाहेर आला.

बटण दाबलं. हात पहिल्या घरापुढं गेला, थांबला. पडद्यावर पहिली ओळ बदलली.

“ओंदु,” शांतव्वा पुटपुटली. मोजताना ती आईच्या कानडीतच मोजायची, “एरडु… मूरु…” साहेबही श्वास धरून उभे होते. सातव्या घरापुढं हात जरा रेंगाळला, मागं सरला, पुन्हा पुढं झाला. “एळु.” मग आठ, नऊ. “हत्तु.”

दहा. संगमेशनं टाळी वाजवली. ती एकट्याचीच वाजली.

साडेपाचला गेटवर वॉचमन गणपतरावांनी नेहमीप्रमाणं वही उघडून ठेवली होती. रोज एकच ओळ: टेप एक, शांतव्वा, सही.

“काय अक्का, कंपनी घिऊन निघालीस व्हय डब्यातनं?” हा विनोद नऊ वर्षांचा होता.

“आज न्हाय. टेप तितंच ऱ्हायली, नव्या मशिनमदी.”

त्यांनी खालचा कप्पा उघडला. आत पिवळं फ्लॅनेल, घडी घातलेलं. “मग काय लिवू?”

“काय लिवायचं त्यात? जाऊ द्या की.”

गणपतरावांनी कप्पा जागेवर बसवला, कडी लावली आणि पेन तसंच हातात धरून राहिले.

कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मोकळी होती. डोक्यावर गाण्याचा स्पीकर होता. स्पीकरात लोहचुंबक असतं आणि चुंबकानं टेप पुसते, हे साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर, चाकावरच्या धक्क्यांत बसत आली होती.

ती मोकळ्या जागेपाशी थांबली. दांडीला धरून उभी राहिली.

“बस की अक्का,” ड्रायव्हर म्हणाला. “कुणी येत न्हाय तिथं.”

“ऱ्हाऊ दे.”

ती मागं गेली, शेवटच्या बाकावर बसली. डबा मांडीवर आडवा होणार नाही असा ठेवला, आणि बस हलताना दोन्ही तळवे त्याच्यावर टेकवले.